प्रसंग बांधायचा कसा: एका भाऊबीजेची घडण

नव्याने कथा लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. पात्रं चहा फार पितात. दार वाजतं, पाहुणा येतो, "बसा" म्हणतात, चहा येतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, पाहुणा उठतो. भाषा चांगली असते, माणसंही खरी वाटतात, पण दोन पानं वाचून वाचक होता तिथेच असतो. कारण त्या दोन पानांत भेट असते, प्रसंग नसतो. माझ्यापुरती मी प्रसंगाची खूण ठरवून टाकली आहे: तो संपल्यावर त्यातली माणसं एकमेकांशी आधीसारखी वागू शकत नाहीत.

ही खूण हाताशी ठेवून एक प्रसंग पहिल्यापासून बांधून दाखवतो. कच्चा माल असा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. सुमन दिवाळीला माहेरी आली आहे. आईला मोतीबिंदू झाला आहे आणि सुमनला तिला ऑपरेशनसाठी आपल्याकडे न्यायचं आहे. दादाला घर आणि जमीन एकट्याच्या नावावर करून घ्यायची आहे. त्यासाठी आईचं आणि बहिणीचं हक्कसोडपत्र हवं. दिवस भाऊबीजेचा.

आधी ठरवा: दाखवायचं की सांगायचं

दहाव्या शतकात धनंजयाने नाट्यशास्त्रावर दशरूपक लिहिलं. त्यात कथावस्तूचे दोन भाग केले आहेत, दृश्य आणि सूच्य. रसाने भरलेलं असेल ते दृश्य, ते रंगमंचावर घडवायचं. नीरस किंवा दाखवायला अनुचित असेल ते सूच्य, ते नुसतं कळवायचं. लांबचा प्रवास, युद्ध, वध, जेवण, स्नान या गोष्टी त्याने दाखवायच्या यादीतून काढल्या. दोन अंकांच्या मध्ये घडून गेलेलं सांगायला विष्कंभक आणि प्रवेशक ही खास सोय होती. कथाकारासाठी विष्कंभक म्हणजे निवेदनाचा परिच्छेद. "पुढची दोन वर्षं अशीच गेली" हे वाक्य तेच काम करतं.

कथेतल्या घडामोडी एकाखाली एक लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे दृश्य किंवा सूच्य असं मांडा. सुमनचा एसटीचा प्रवास सूच्य. वडिलांचं आजारपण सूच्य. दादाच्या तालुक्याला झालेल्या खेपा, स्टॅम्पपेपर, वकिलाकडची बैठक, सगळं सूच्य. दृश्य एकच, देवघरापुढची ती दहा मिनिटं.

शंका आली तर ती घटना एका वाक्यात सांगून बघा. काही हरवलं नाही, तर ते वाक्यच ठेवा. नवे लेखक नेमकं उलटं करतात असं मला दिसतं. प्रवास तीन पानं चालतो, आणि भावाबहिणीचं भांडण "त्या दिवशी दोघांत बरीच बोलाचाली झाली" एवढ्यात उरकतं. भांडण लिहायला भीती वाटते, म्हणून ते उरकलं जातं. ज्या ओळीपाशी तुमचा हात थबकतो तिथेच बहुधा दृश्य असतं.

लिहायच्या आधी चार ओळींचं टिपण

कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर चार ओळी लिहा. या प्रसंगाच्या अशा:

सुमनला हवंय: उद्या सकाळच्या एसटीने आईला सोबत न्यायचं.
दादाला हवंय: उद्या कार्यालय उघडलं की सुमनची सही.
आड येतं: सही होईपर्यंत दादा आईला सोडणार नाही.
शेवटी बदलतं: सुमनचा दादावरचा विश्वास.

पहिल्या दोन ओळींत सगळे अडखळतात. "सुमनला न्याय हवाय", "दादाला मान हवाय" असं लिहिलं जातं. न्याय मागता येत नाही, निदान देवघरात बसून तरी नाही. तिथे मागता येते ती उद्याची एसटी. इच्छा आजची हवी, या तासाची हवी, आणि ती मिळाली की नाही हे प्रसंग संपताना स्पष्ट कळायला हवं. न्याय, मान, माया हे सगळं त्या एसटीच्या मागे उभं असतंच, त्याचं नाव घ्यावं लागत नाही.

दुसरी ओळ लिहिताना थोडं थांबा. दादा खलनायक झाला की प्रसंग मेला. त्याच्या बाजूने अर्धं पान लिहून काढा, ते कथेत येणार नसलं तरी. वीस वर्षं शेत त्याने कसलं. सुमनच्या लग्नाचं कर्ज त्याने फेडलं. बाबांच्या दवाखान्याच्या रात्री त्याने काढल्या. बहीण शहरात, तिला इथल्या मातीत रस नाही, कागदावर नावं वाढली तर उद्या पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. त्याच्या जागी बसून बघितलं तर तो बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी बरोबर असलेली माणसं समोरासमोर आली की लेखकाला आवाज चढवावा लागत नाही.

इथेच एक काम उरकून घ्या: प्रसंग कोणत्या साली घडतो ते ठरवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा होताच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला. १९८५ सालची सुमन आणि २०१५ सालची सुमन यांना "कसला कागद?" हे दोन शब्द वेगळ्या आवाजात म्हणावे लागतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, म्हणून दादाला "तालुक्याला जाऊ" म्हणावं लागतं. इतकी माहिती पुरे. तिच्यातला एखादा शब्दच पानावर येईल, पण तो खरा येईल.

जागा, वेळ आणि हाताला काम

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जेवायला जायची रीत. मी सुमनला माहेरी आणलं, कारण स्वतःच्या घरात ती यजमानीण असती आणि दादाला विषय काढायला अवघड गेलं असतं. इथे ती पाहुणी आहे. पाट दादाचा, ताम्हन वहिनींचं. जागा निवडताना एवढंच विचारायचं: इथे कोणाची बाजू लंगडी पडते?

वेळही तशीच निवडा. औक्षण अर्ध्यावर सोडता येत नाही. निरांजन पेटलेलं आहे, भाऊ टोपी घालून पाटावर बसला आहे. कोणी रागाने उठून जाऊ शकत नाही. जिथून उठता येत नाही अशी वेळ सापडली की निम्मं बांधकाम झालं. पंगत, प्रेताजवळची रात्र, भरलेली लिफ्ट, लग्नातला आंतरपाट, कुठलीही घ्या.

आणि हाताला काम द्या. चहा चालेल, पण तो करताना काही बिघडायची शक्यता हवी. औक्षणात हाताला भरपूर काम आहे: वात पुढे ओढणं, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू. बोलणं अडलं की हात चालतील, आणि हात थांबले की वाचकाला कळेल की आत काहीतरी थांबलं.

आत उशिरा शिरा

पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती:

"दिवाळीचे दिवस होते. सगळीकडे उत्साहाचं वातावरण होतं. सुमन पहाटेच उठली होती. अंगणात सुंदर रांगोळी काढली होती. वहिनी स्वयंपाकघरात गडबडीत होत्या. सुमनला लहानपणीच्या दिवाळ्या आठवत होत्या. नऊच्या सुमारास सगळे देवघरात जमले."

सात वाक्यं झाली, अजून कोणाला काही हवं नाही. सुमन तोंड उघडते तिथे रेघ मारा आणि वरचं सगळं काढून टाका. रांगोळी हवीच असेल तर ती नंतर येईल, कोणाचा तरी पाय तिच्यावर पडेल तेव्हा. ज्या वाक्यात पहिली मागणी आहे, ते पहिलं वाक्य. फार तर त्याआधी एक ओळ, वाचकाला पाय टेकायला.

मधल्या पायऱ्या

प्रसंग ढिला पडतो तो मधे. सुरुवात सुचलेली असते, शेवट माहीत असतो, मधे पात्रं एकच गोष्ट तीनदा बोलतात. "ने ना रे", "नको गं", "अरे ने ना", "अगं नको". जिन्याच्या एकाच पायरीवर उभं राहून पाय आपटल्यासारखं.

उपाय साधा आहे आणि मी तो प्रत्येक खर्ड्यावर करतो. समासात, प्रत्येक बोलण्यापुढे, ते पात्र नेमकं काय करतंय त्याचं क्रियापद पेन्सिलीने लिहायचं. "बोलते", "म्हणते" चालत नाही. मागते, टाळतो, टोचते, लपवते, विकत घेतो, कबूल करते, अशी करणीची क्रियापदं. लागोपाठ तेच क्रियापद आलं तर एक ओळ जाते. आणि कुठेतरी मधे अशी पायरी यायलाच हवी की जिच्यानंतर विषयच बदलतो. इथे ती आईच्या अंगठ्याची आहे.

आता पूर्ण प्रसंग बघा.

"उद्या सकाळच्या एसटीने आईला घेऊन जाते म्हणते." सुमनने निरांजनाची वात पुढे ओढली. "डोळ्याच्या डॉक्टरांची तारीख मिळालीये."

दादा पाटावर टोपी सारखी करत होता. "दिवाळी तर होऊ दे."

"आज भाऊबीज. संपलीच की दिवाळी."

"इथं काय डॉक्टर नाहीत का वन्सं?" वहिनींनी ताम्हनात सुपारी ठेवली. "थंडी सरली की करूच, म्हणत होते हे."

आई अक्षतांची वाटी चाचपत होती. हाताला लागली तशी तिने ती पुढे केली. तिच्या अंगठ्याला निळं लागलं होतं. नखाच्या कडेला, रेषारेषांत.

"आई, हे काय गं?"

आईने हात पदराखाली घेतला.

"अगं, तुला सांगणारच होतो," दादा म्हणाला. "एक कागद आहे. तुझीही सही लागेल. उद्या तालुक्याला जाऊन येऊ, तासाभराचं काम. मग आईला खुशाल ने."

"कसला कागद?"

"घराचा, जमिनीचा. बाबांच्या मागे सगळ्यांची नावं लागलीत, ती एकदा नीट करून घ्यायची. आईने दिलाय अंगठा."

सुमनचं बोट कुंकवाच्या करंड्यात होतं. ते तिथेच राहिलं.

"आई तर सही करते ना, दादा?"

कोणी बोललं नाही. दादाने कपाळ पुढे केलं होतं, ते तसंच होतं.

समासातली क्रियापदं अशी पडतात: सुमन जाहीर करते. दादा पुढे ढकलतो. सुमन अडवते. वहिनी आड येतात. आईचा हात दिसतो. सुमन विचारते. आई लपवते. दादा सौदा मांडतो. सुमन खोदते. दादा गुळगुळीत करतो. सुमन पकडते. दुसऱ्यांदा तीच पायरी कोणी चढत नाही.

सगळा प्रसंग "आई तर सही करते ना" या एका ओळीवर उभा आहे. आईला लिहिता येतं. तिने अंगठा दिला, कारण तिला कागद दिसतच नव्हता. म्हणजे तिला तो वाचताही आला नाही. आणि मग "थंडी सरली की करूच" हे वहिनींचं काळजीचं वाक्य वाचकाच्या मनात मागे जाऊन वेगळं वाजतं. हे मी कुठेही सांगितलेलं नाही. शेवटची पायरी अशी शोधावी की ती आधीच्या पायऱ्यांचा अर्थ बदलेल. त्यासाठी बीज आधी पेरावं लागतं, आणि पेरताना ते दुसऱ्याच कामाला आलंय असं दिसावं लागतं. आई वाटी चाचपते ते वाचक मोतीबिंदूच्या खात्यात टाकतो. हिशोब नंतर होतो.

कोणाच्या डोळ्यांनी

हा प्रसंग सुमनच्या डोळ्यांनी आहे. त्यामुळे "दादाच्या पोटात गोळा आला" हे वाक्य इथे येऊ शकत नाही. सुमनला दिसेल ते दादाचं कपाळ. एका प्रसंगात एकच मन, निदान पहिली काही वर्षं तरी ही शिस्त पाळावी. ते मन निवडताना, ज्याला सगळ्यात उशिरा कळतं त्याला निवडा. वाचक त्याच्याबरोबर पायऱ्या चढतो.

बोलण्यातलं अंतर

मराठीत एक हत्यार आपल्याला फुकट मिळालेलं आहे: तू, तुम्ही आणि आपण. सुमन दादाला तू म्हणते, वहिनी नणंदेला वन्सं म्हणतात, आई सगळ्यांना अगंतुगं करते. पुढच्या एखाद्या प्रसंगात सुमन दादाला "तुम्ही ठरवलंत ना सगळं" म्हणाली, तर त्या एका "तुम्ही"त घराची वाटणी झाली. पण हे एकदाच करा, दुसऱ्यांदा ते झिजतं.

बोली वापरायची तर कानाने वापरा. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला की वाचक अडखळतो. एखादं "इथं", एखादं "वन्सं", वाक्याची चाल, एवढ्यात गाव उभं राहतं. निवेदनाची भाषा आणि बोलण्याची भाषा यांतलं अंतर सगळ्या कथेत सारखं ठेवा.

बाहेर लवकर पडा, आणि दोरा सोडू नका

पुढे काय झालं? सुमनने कुंकू लावलं का? दादा उठला का? ते मी लिहिलं होतं, दीड पान. सगळं काढलं. प्रश्न पडला तिथे प्रसंग संपला. उत्तर पुढच्या प्रसंगाचं धन आहे.

प्रसंगानंतर माणसाला श्वास लागतो. अमेरिकेत कथालेखन शिकवणारे ड्वाइट स्वेन यांनी १९६५ मध्ये याची चांगली जोडी लावून दिली: प्रसंगात ध्येय, संघर्ष आणि आपत्ती, त्यानंतरच्या भागात प्रतिक्रिया, पेच आणि निर्णय. निर्णयातून नवं ध्येय, म्हणजे पुढचा प्रसंग. लोकप्रिय कादंबरीला हे तंतोतंत बसतं. कथेत मी ते सैलसर धरतो, पण पेच वगळत नाही. सुमनने सही केली तर आईचे डोळे होतील आणि घर जाईल, नाही केली तर उलट. हा पेच पानावर दिसला नाही, तर तिचा पुढचा निर्णय लेखकाचा वाटेल, तिचा वाटणार नाही.

दोन प्रसंगांमध्ये तीन फुल्या टाकून मोकळं होता येतं, पण दोरा तुटता कामा नये. संस्कृत नाट्यशास्त्रात यालाही शब्द आहे, बिंदू. मधल्या गोष्टींनी तुटलेलं कथासूत्र जो पुन्हा जोडतो तो. पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसा तो नाटकभर पसरतो, म्हणून बिंदू, असं दशरूपकाचा टीकाकार धनिक सांगतो. आपला बिंदू तो निळा डाग. म्हणून पुढचा प्रसंग असा उघडतो: "रात्री आईशेजारी अंथरूण घातल्यावर सुमनने अंधारात तिचा अंगठा हातात घेतला." मधे दुपार गेली, जेवणं झाली, दादा शेतावर जाऊन आला, याची वाचकाला आठवणही होत नाही.

होतं, होती, होते

मागची हकीकत सांगताना मराठी वाक्यांच्या शेवटी "होतं"ची रांग लागते. "बाबा आजारी पडले तेव्हा दादानेच सगळं केलं होतं. बिल त्यानेच भरलं होतं. रात्री त्यानेच काढल्या होत्या. तेराव्याला गाव जेवू घातलं होतं." पहिल्या वाक्यात "होतं" ठेवा, म्हणजे वाचक मागच्या काळात शिरतो. नंतर सोडून द्या: "बाबा आजारी पडले तेव्हा दादानेच सगळं केलं होतं. बिल भरलं, रात्री काढल्या, तेराव्याला गाव जेवू घातलं." परत वर्तमान प्रसंगात येताना समोरची एक वस्तू दाखवा, निरांजन, वाटी, काहीही, की वाचक घरी पोचतो.

शेवटचा हात

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो कोणाला तरी ऐकवा, आणि ऐकणाऱ्याचे डोळे कुठे भटकतात ते बघून तिथे खूण करा. चार ओळींचं टिपण पुन्हा काढा आणि चौथी ओळ पानावर घडली का ते तपासा. ती घडली नसेल तर वाक्यं सुधारत बसू नका. पहिल्या दोन ओळींकडे परत जा, तिथली एखादी इच्छा मऊ पडलेली असते.

मग प्रसंगाचं शेवटचं वाक्य झाकून बघा. या भाऊबीजेला दादाच्या कपाळानंतर माझं आणखी एक वाक्य होतं: "सुमनला वाटलं, आपण ज्याला ओवाळायला आलो तो भाऊ आता उरलाच नाही." ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते. काढलं, तेव्हा करंड्यातलं बोट दिसू लागलं. आणि वर "आईला हल्ली नीट दिसत नसे" असं जे सरळ लिहिलं होतं, त्या जागी अक्षतांची वाटी आली. ती सापडायला तिसरा खर्डा लागला.